बियाला ठेवलेलं टमाटं

गंगापूर रोडच्या त्या गल्लीत नवसाबाईंच्या हातचं टमाट्याचं सार प्यायला नाही असा माणूस शोधून सापडला नसता. आणि त्या टमाट्याचं बी ज्याला मिळालं, असाही एकजण सापडला नसता. शिजवलेलं हवं तेवढं न्या, डबा आणा, पातेलं आणा. कच्चं मागायचं नाही, असा बाईंचा कायदा होता. कुणी फारच लोचटपणा करून एखादं फळ मागितलंच, तर बाई "आणते हं" म्हणून आत जायच्या. विळीवर फळ चिरायच्या, अंगठ्यानं एकूण एक बी पिळून काढायच्या आणि ते पोकळ टमाटं वाटीत घालून हसतमुखानं बाहेर यायच्या. "बिया दातात अडकत्यात ना, म्हणून काढल्या," असं वर सांगायच्या. आता अशा बाईला काय म्हणावं, तुम्हीच सांगा!

बाईंचं माहेर सटाण्याकडचं. लग्न होऊन नाशिकला आल्या तेव्हा आईनं लुगड्याच्या पदराला बांधून दिलेलं ते बी. टमाटं दिसायला अगदीच अवलक्षणी. चुण्या पडलेलं, देठाशी हिरवट, एका बाजूला फुगलेलं नि दुसरीकडे दबलेलं. साल इतकी पातळ, की पिशवीतून चार घरं पलीकडे नेलं तर पिशवीतच रस्सा व्हायचा. बाजारात तेव्हा ती नवी संकरित टमाटी आली होती. गुळगुळीत, एका मापाची, ओट्यावर आपटली तरी ढिम्म. बाई त्यांना हातसुद्धा लावायच्या नाहीत. "चेंडू हायेत ते. पोरांना खेळायला द्या," म्हणायच्या.

सार करायचं तर बाई टमाटी अंगणातल्या बंबाच्या निखाऱ्यावर भाजायच्या. साल हातानं ओढून काढायची, गर पातेल्यात कुस्करायचा, वर जिरं-लसणाची चरचरीत फोडणी आणि बोटभर गूळ. कच्च्या हिरव्या टमाट्यांची चटणी तव्यावरच व्हायची. मिरच्या, लसूण, शेंगदाणे सगळं त्यात परतायचं आणि लोटीच्या बुडानं तव्यातच रगडायचं. मिक्सर घरात होता, पण त्यात चटणी वाटली की तिचं पिठलं होतं, असं बाईंचं ठाम मत होतं.

बाईंच्या नवऱ्याचं नाव कारभारी. यात एक गंमत होती. गल्लीतल्या इतर बायका आपापल्या नवऱ्याला थट्टेनं "काय कारभारी, आज उशीर?" म्हणू शकायच्या. नवसाबाईंची मात्र पंचाईत, कारण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि यांचं नावच ते! तीस वर्षं बाईंनी "अहो, ऐकलं का" यावर संसार रेटला. कारभारी माणूस गरीब. एकच खोड, चिवड्यावर चिरून घालायला टमाटं दिसेल तिथून तोडायचे, कच्चं की पिकलं तेही बघायचे नाहीत.

बी धरणं ही बाईंची वर्षाची मोठी कामगिरी. चांगलं पिकू दिलेलं फळ पिळायचं, बिया दोन दिवस वाटीत आंबू द्यायच्या, मग बंबाची राख लावून चोळायच्या म्हणजे बुळबुळ सुटते. धुवायच्या, तरंगतील त्या फेकायच्या, बुडतील त्या सावलीत वाळवायच्या. वाळल्या की पुन्हा कोरड्या राखेत मिसळून डालड्याच्या डब्यात. कीड नाही, मुंगी नाही. दिवाळीचा फराळ संपला की डबा उघडायचा आणि रोप टाकायचं.

शहाण्णवच्या दिवाळीत त्या डब्याचाच घात झाला.

त्याच वर्षी फाल्गुनात बाईंच्या मुलाचं, त्र्यंबकचं, लग्न झालं होतं. सून शुभांगी मनमाडची, वडील रेल्वेत. पोरगी गुणाची, पण कामाचा उत्साह असा की कुणी थांब म्हणेपर्यंत काम उरकलेलं असायचं. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी बाई बाजारात गेल्या आणि इकडे सुनेनं माळ्यावरची सगळी तांब्या-पितळेची भांडी अंगणात काढली. राख लागते म्हणून बघितलं, तर बंबाजवळच्या फळीवर डालड्याचा डबा, तोही राखेनं गच्च भरलेला! चिंच आणि ती राख घेऊन तिनं घंगाळ, समया, हंडे असे घासले की डोळे दिपावेत.

"राख किती छान ठेवलीय आई तुम्ही," बाई दारात आल्या तेव्हा ती कौतुकानं म्हणाली. "जरा खरखरीत होती, पण डाग कसे पटापट निघाले!"

ती खरखर म्हणजे आईनं पदराला बांधून दिलेलं बी होतं. डबा तळापर्यंत रिकामा झाला होता आणि पाणी मोरीतून अळवात गेलं होतं. बाईंनी डब्यात बघितलं, भांड्यांकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. रागवायला तोंड उघडलं, तर समोर नवी नवरी, घासून घासून हात लाल झालेले, आणि चेहऱ्यावर शाबासकीची वाट.

"भांडी झकास निघाली हो," बाई म्हणाल्या, आणि घरात जाऊन चादर डोक्यावरून ओढून झोपल्या. ती दिवाळी बाईंनी कपाळाला सुंठ लावून काढली.

खरं काय ते फक्त कारभाऱ्यांना आणि शेजारच्या तबस्सुमला माहीत होतं. तबस्सुमचा नवरा नजीर शिंपी होता, त्याचं दुकान मेन रोडच्या आतल्या गल्लीत. तबस्सुमपाशी बाई पोटभर रडल्या आणि वर दम भरला, "तिला एक शब्द बोलायचा नाय. लेकराला जन्माची खंत लागंल."

मोठं मन हो बाईंचं! पण मोठं मन असलं तरी अढी बसायची ती बसतेच. तेव्हापासून सुनेशी बोलणं झालं ते कामापुरतं. सुनेला काही कळेना. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय. मग ती आणखी उत्साहानं कामं उरकायला लागली, आणि बाई आणखी धसका घ्यायला लागल्या की आता कशाची राख होते कोण जाणे.

बाई रोज सकाळी मोरीच्या तोंडाशी, अळवात, गुडघ्यावर बसून शोधायच्या. कार्तिक सरता सरता दोन रोपं दिसली. एक गोगलगायीनं खाल्लं. दुसरं मात्र त्या साबणाच्या पाण्यावरही तरारलं. बाईंनी त्याला काठी दिली, शेणखत दिलं, येता-जाता चार शब्द दिले. त्याला फळं धरली, पण एक खारीनं कुरतडलं, दोन अळीनं पोखरली. मार्चची उन्हं चढली तशी फुलं वाळून गळायला लागली. शेवटी नीट असं एकच फळ राहिलं, खाली, मातीपासून वीतभर वर. सटाण्याकडंही ते बी आता कुणी राखलं नव्हतं; उरलेलं सगळं माहेर त्या एका फळात होतं.

बियाचं फळ म्हणजे चिंधी बांधायची, हा बाईंच्या आईचा रिवाज. चिंधी दिसली की घरातलं कुणी तोडत नाही. कारभाऱ्यांचा चिवडा डोळ्यांपुढे ठेवून बाई तबस्सुमकडे चिंधी मागायला गेल्या. तबस्सुमनं नवरीच्या ओढणीतून उरलेली लाल साटिनची पट्टी काढून दिली, सोनेरी गोट्याची किनार लावलेली.

"अगं, चिंधी मागितली मी, शालू नाय," बाई म्हणाल्या.

"असू दे मावशी. लांबूनसुद्धा दिसेल. काकांचा काही भरवसा नाही."

झालं! अळवाच्या मधोमध ते वाकडंतिकडं टमाटं गोटाकिनार लावून बसलं.

त्याच सुमाराला सुनेला दिवस गेल्याचं कळलं. घरात आनंदीआनंद. बाईंनाही आनंद झाला, खोटं का बोला. पण पूर्वी झाला असता तसा उड्या मारून झाला नाही. आणि मग आठ दिवसांनी तो प्रकार घडला. बाई सकाळी रोपाला पाणी घालायला गेल्या, तर बुडाशी हळदकुंकू! वर चार अक्षता.

बाईंचा ताबा सुटला की जिभेवर अहिराणी यायची. "कोन शे रे तो मुडदा!" त्या कंपाउंडवरून गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडल्या. "मना बियावर करणी करस का!"

कारभारी चहाचा कप घेऊन बाहेर आले. "टमाट्यावर कोण करणी करतंय?"

"ज्याला बी दिलं नाय तो!"

हिशेब पाहिला तर यात अख्खी गल्ली आली. कारभारी कप घेऊन परत आत गेले.

बाईंनी हातावर हात ठेवून बसायचं नाही असं ठरवलं. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या मुठीत घेतल्या आणि टमाट्याची दृष्ट काढली. अगदी रीतसर, आल्यागेल्याची, पापी-चांडाळाची म्हणत ओवाळून मूठ बंबात टाकली. मिरच्या जळाल्या, पण ठसका काही आला नाही. म्हणजे दृष्ट जबरच! बाईंनी वळून बघितलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीत सून उभी. बाईंना वाटलं, हसतेय आपल्याला. दुसऱ्या दिवशी रोपापाशी हळदकुंकू होतंच, शिवाय एक जास्वंदीचं फूल वाढलं होतं. बाईंनी पुन्हा मिरच्या काढल्या. असं चाललं होतं. रोज हळदकुंकू आणि रोज मिरच्या. कारभारी म्हणाले, मिरच्यांचा खर्च टमाट्याच्या वर चाललाय.

शेवटी बाई तबस्सुमकडे गेल्या. "तुमच्यात कुणी ताईत देतो का गं, करणीवर?"

"कसली करणी मावशी?"

बाईंनी सगळं सांगितलं. तबस्सुम आधी ऐकत होती, मग तिनं तोंडाला ओढणी लावली, मग शिवणाच्या मशीनवर डोकं ठेवून हसायला लागली. "या अल्ला! अहो मावशी, ते हळदकुंकू तर तुमची शुभांगी लावते!"

"आं?"

"तिला वाटतं, तुम्ही बाळासाठी नवस बोललाय. लाल कापड, वर गोटा. तुम्ही रोज तिथं बसून पुटपुटता काय, ओवाळता काय! आणि तुमचं तर नावच नवसाबाई!"

बाईंनी कपाळावर हात मारला. नवसानं झाल्या म्हणून आईबापांनी हे नाव ठेवलं, आणि त्या नावाला कंटाळून बाईंनी जन्मात कधी कुठल्या देवाला साधा नारळसुद्धा बोलला नव्हता.

"अजून ऐका," तबस्सुम आता हसायची थांबली होती. "रोज दुपारी येऊन बसते इथं. म्हणते, भाभी, लग्न होऊन आले तेव्हा आईंनी ते सार पाजलं होतं, त्याची चव जात नाही जिभेवरून. ते टोमॅटो बघितलं की तोंडाला असं पाणी सुटतं, वाटतं तिथंच बसून मीठ लावून खावं. पण नवसाचं कसं तोडायचं? म्हणून हळदकुंकू लावते आणि पळून येते."

"मग तू सांगायचं नाय का, की नवस नाय, बी हाय म्हणून?"

"तुम्हीच तोंड बंद केलंत ना माझं! बियाचं सांगितलं असतं, तर राखेचंही सांगावं लागलं असतं."

बाई घरी आल्या. पोटुशीचे डोहाळे! ते पुरवायचेच असतात, नाहीतर पोर लाळ गाळत जन्माला येतं, हे काय बाईंना कुणी शिकवायला हवं? इतके दिवस त्या सुनेला "काय खावंसं वाटतं गं?" विचारत होत्या, आणि ती मान हलवून "काही नाही आई" म्हणत होती. बाईंना वाटायचं, मनमाडच्या पोरीला आमच्या घरचं काय रुचणार!

आता बाईंनी पळवाटा शोधायला सुरुवात केली. चिंचेचं सार केलं. कैऱ्या आणल्या, मीठ-तिखट लावून पुढं ठेवल्या. आणि एक दिवस तर काळजावर दगड ठेवून ते बाजारातले चेंडू आणले, भाजले, वर चिंच पिळली, फोडणी दिली आणि वाटी सुनेपुढं सरकवली. शुभांगीनं एक घोट घेतला. "छान झालंय आई," ती म्हणाली, आणि वाटी तशीच ठेवली. बाईंनी चाखून बघितलं. कसलं डोंबलाचं छान!

फळ लाल झालं होतं, पण बियाला अजून आठ दिवस रोपावर राहायला हवं होतं. कुणाला काही बोलायची गरजच नव्हती. सून नवस समजून हात लावणार नव्हती. आठ दिवस गप्प बसलं की बी हातात आलं असतं. त्या दुपारी बाई ओसरीवर बसून हेच मनात घोळवत होत्या.

"आते काय करू व माय," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

कारभारी शेजारी पेपर वाचत होते. त्यांना सगळं माहीत झालं होतं. पेपरातून डोकं न काढता त्यांनी विचारलं, "त्र्यंबकच्या वेळी तुला काय खावंसं वाटत होतं गं?"

बाईंनी चमकून त्यांच्याकडे बघितलं. सत्तावीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला होता. तेव्हा सासूनं विचारलं नव्हतं, यांनी नव्हतं, कुणीच नाही. समोरच्या वाड्यात कवठाचं झाड होतं आणि सगळा उन्हाळा बाई धुणं वाळत घालताना त्या झाडाकडे बघायच्या. कवठ आणि गूळ, बस, एवढंच हवं होतं. नवी सून, तोंड कसं उघडणार!

"कवठ," बाई म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांनी त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आत्ता विचारता व्हय?"

"तरीच," कारभारी पेपर खाली ठेवत म्हणाले. "दोन वर्षांचा होईस्तोवर लाळ गाळत होता पोरगा."

बाईंना रडता रडता हसू फुटलं. त्या उठल्या, पदर खोचला आणि तडक अळवात शिरल्या. गोट्याची पट्टी सोडली, फळ देठासकट तोडलं, पदराला पुसलं, मिठाची वाटी घेतली आणि सुनेसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"घे. खा."

शुभांगी दोन पावलं मागं सरकली. "आई! अहो, नवसाचं ते!"

"नवस नाय न काय नाय. चिंधी हाय ती. बियाला ठेवलं होतं."

"बियाला? मग आधीचं बी?"

बाईंनी टाळायचं ठरवलं होतं. पण तोंडातून निघूनच गेलं. "त्यानं तू भांडी घासलीस."

क्षणभर शुभांगीला कळेना. मग डालड्याचा डबा, खरखरीत राख, दिवाळी, तेव्हापासूनचा तो अबोला, सगळं एकदमच डोक्यात उतरलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "पण तुम्ही तर म्हणालात, भांडी झकास निघाली!"

"निघालीच होती की. खोटं कशाला बोलू?"

शुभांगीला हुंदका फुटला. "नको मला. ठेवा हे, बियाला ठेवा. मी नाही खाणार, माझे डोहाळे गेले खड्ड्यात."

"खबरदार असलं बोललीस तर! नातवंडाच्या गळ्यात लाळेरं बांधून फिरू का मी?" बाईंनी तिला धरून पायरीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. "आठ दिवस कमी पडले, पण लाल झालंय, रुजंल. बिया पिळून घेते, गर तू खा. झालं, दोघींचं भागलं."

बाईंनी फळ चिरायला घेतलं. शुभांगी नाक पुसत, अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "आई, आंबट तर बियांच्याच भोवती असतं."

बाईंचा हात थांबला. खरंच होतं ते. इतकी वर्षं ज्यांना बिया पिळून टमाटी दिली, त्यांना बाईंनी खरी चव दिलीच नव्हती. आता या पोरीलाही तसंच द्यायचं? आणि बियांसकट द्यायचं, तर बी गेलं. बाईंनी फळाकडे बघितलं, सुनेच्या रडवेल्या तोंडाकडे बघितलं. उष्ट्याचा बाईंना कमालीचा विटाळ. पंक्तीत कुणाचा हात लागला तर ताट बदलून घेणारी ही बाई. पण त्यांनी फळाला मीठ लावलं, सुनेच्या हातात दिलं आणि आपला उजवा तळहात तिच्या हनुवटीखाली धरला.

"चोखून खा. आन् बी इथं थुंक."

"तुमच्या हातावर?" शुभांगीचे डोळे मोठे झाले. "अहो, उष्टं होईल सगळं!"

"थुंक म्हणते ना."

शुभांगीनं चावा घेतला. डोळे मिटले, खांदे वर गेले, अंगावर काटा आला. तिनं पहिलं बी जिभेनं घोळवून अगदी स्वच्छ केलं आणि लाजत लाजत सासूच्या तळहातावर ठेवलं. मग दुसरं. मग तिची लाज गेली. रस कोपरापर्यंत ओघळला, हनुवटी माखली, ती मिटक्या मारत खात राहिली. बाई डाव्या हातानं पदराचं टोक घेऊन तिचं तोंड पुसत होत्या आणि उजव्या तळहातावर ओलं, पिवळं बी साठत होतं.

"एक पण गिळू नको हां," त्यांनी दटावलं.

तोंड भरलेलं असल्यानं शुभांगीनं नुसती मान हलवली. पुढच्या घासाला मात्र ती एकदम थांबली, घशाला हात लावला आणि अपराध्यासारखी सासूकडे बघायला लागली.

बाईंना कळलं. त्यांनी तळहातावरचं बी बघितलं, मग सुनेच्या पोटाकडे बघितलं.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "आतल्याला पण वाटा नको का?"